मायची मिश्री

शहरातल्या हडको वसाहतीत आमचं औषधाचं दुकान आहे. दुकानाला लागूनच वर जायचा जिना आहे आणि जिन्याच्या वरच्या टोकाला दातांच्या डॉक्टरणीचा दवाखाना. जिना रुंद आहे, दिवसभर उजेड असतो, एकही पायरी मोडलेली नाही. तरी दाढ दुखणारा माणूस जिन्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करतो आणि माझ्या काउंटरपाशी येतो. एक हात गालाला आणि चेहरा असा, की दाढेत कीड मीच सोडली आहे.

"बाजी, दाढ की गोली देव." बाजी म्हणजे मोठी बहीण, म्हणजे मीच.

"ऊपर डॉक्टर है. जाके दिखाव."

"ऊपर नक्को. गोली देव ना, रातभर नींद नै."

चिठ्ठीशिवाय मी गोळी देत नाही. मग तो रस्ता ओलांडून चहाच्या टपरीवर जातो, दुखऱ्या बाजूनं गरम चहा पितो, ओरडतो आणि पुढच्या चौकातल्या दुकानातून गोळी घेऊन घरी जातो. दुखणं थांबतं, कीड थांबत नाही. काही महिन्यांनी तोच माणूस तोच गाल दुप्पट सुजवून पुन्हा येतो. तेव्हाही जिना तिथंच असतो.

लग्नसराईत दुसरी तऱ्हा. मुलीला बघायला पाहुणे रविवारी यायचे असतात आणि आई शुक्रवारी दुकानात येते. "दात पांढरे करायची पावडर हाय का? पोरगी हसली की पिवळं दिसतंय." मुलगी मागं तोंड मिटून उभी असते. चेहऱ्याला लावायच्या तीन प्रकारच्या ट्यूबा आधीच पिशवीत असतात. मी सांगते, वर जा, दात साफ करून घ्या, एका बैठकीत होतं. आई विचारते, "मशीन लावलं की दात ढिले होतात म्हणं?" मी म्हणते, नाही होत. ती मान हलवते आणि खरखरीत पावडरच मागते. ती पावडर घासून घासून दातांवरचं पाणी जातं, मग थंड लागतं, गरम लागतं, आणि मग पुन्हा माझ्याकडे.

हे सगळं मी सहन करते, कारण ही परकी माणसं आहेत. पण माझ्या स्वतःच्या आईनं मला या बाबतीत जितकं जेरीस आणलं तितकं सगळ्या हडकोनं मिळून आणलं नसेल.

आमचं गाव सिल्लोडच्या पलीकडं. माय तिथं माझ्या भावाजवळ राहते. मका, कापूस, दोन म्हशी. गावातल्या सगळ्या बायकांसारखी तीही मिश्री लावायची, कळतं वय झाल्यापासून. चुलीवर तवा ठेवून तंबाखू काळीभोर होईपर्यंत भाजायची, ठसका लागून सगळं घर बाहेर पळायचं, मग ती चुरून फडक्यातून गाळायची आणि पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. पहाटे झाडलोट झाली की मागच्या दारी दगडांवर आजूबाजूच्या बायका जमायच्या. डबी फिरायची. प्रत्येकीचं बोट तोंडात. गावातल्या साऱ्या बातम्या तिथं कळायच्या: कोणाची म्हैस व्याली, कोण नांदायला परत गेली, कोणाचं काय मोडलं. तोंडात बोट असल्यामुळं ओठ मिटायचे नाहीत आणि अर्धे शब्द नुसत्या हवेवर यायचे. पाऊस म्हणायचं तर हाऊस ऐकू यायचं. आम्हा पोरींना सगळं समजायचं. पुरुष तिकडं फिरकायचे नाहीत. दिवसभरात बायकांना बसायला मिळायचं ते तेवढंच.

मी शिकायला शहरात वसतिगृहावर आले म्हणून वाचले. तिथं सगळ्या ब्रशनं दात घासायच्या.

तर दोन वर्षांपूर्वी भावाचा फोन आला, माय भाकर खात नाही. दुधात कुस्करून दिली तर गिळते, नाहीतर ताट सरकवते. पार वाळली आहे. मी म्हणाले, एस्टीत बसवून दे. ती हर्सूल नाक्यावर उतरली तेव्हा मी आधी तिचं तोंड पाहिलं. वरचे पुढचे दात हलत होते, खालच्या दाढांच्या जागी काळे खुंट. मी तिला घरी न नेता थेट जिन्यावरून वर नेलं, पिशवीसकट.

डॉक्टरीण तरुण आहे, शांत आहे, आणि माझ्यापेक्षा तिला धीर पुष्कळ आहे.

"आजी, तंबाखू खाता का?"

"नाय."

"मिश्री?"

"ती व्हय."

"ती तंबाखूचीच असते ना, आजी?"

"भाजलेली असती." मायनं तिला समजावून सांगितलं.

डॉक्टरणीनं दिवा वळवला, गाल बाजूला ओढला आणि बराच वेळ एकाच जागी बघत राहिली. मग मला बोलावून दाखवलं. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडीला लागून, पांढरा चट्टा होता. पुसला तरी न जाणारा.

"हलणारे दात काढावे लागतील, ते काही मोठं नाही," ती म्हणाली. "हिरड्या भरल्या की कवळी बसवू, आजी भाकर खातील. पण हा चट्टा मिश्रीचा आहे. मिश्री आजपासून पूर्ण बंद. तीन आठवड्यांनी बघू. कमी झाला तर चांगलंच. नाही झाला तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

तपासायला म्हणजे कशासाठी, हे मला सांगावं लागलं नाही. मायलाही नाही. माझी चुलती, मायची जाऊ, तोंडातल्या जखमेनंच गेली. शेवटी शेवटी तिला चमच्यानं पेज भरवायची ती मायच. त्या चुलतीच्या ओठालाही आधी असंच काहीतरी पांढरं दिसायचं, आणि मागच्या दारच्या दगडावर तिची नि मायची जागा शेजारी शेजारी असायची.

जिना उतरताना मी स्पष्ट म्हणाले, "काकीसारखं होऊ शकतं. कळलं ना?"

"आंधळी हाय का म्या," माय म्हणाली. "कळलं."

दात काढायला मात्र तयार होईना. कारण काय, तर वरचा दात काढला की डोळ्याची नस तुटते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, तो डोळा जाईल अशी तिची खात्री. गावात एकीचा गेला म्हणे. मी विचारलं, कोणाचा? तर ती बाई वारलेली. कधी वारली? लई झाले वर्षं. आणि डोळा कधी गेला? "त्याच्या आदीच अधू होता." मी डोक्याला हात लावला. डॉक्टरणीनं तिला कवटीचं चित्र दाखवलं, दाताचं मूळ कुठं संपतं आणि डोळा कुठं असतो ते बोटानं दाखवलं. मायनं चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, "ह्ये मेल्यालं माणूस हाय."

शेवटी भूल देऊन दात निघाले. डोळा जागेवर राहिला.

पुढचे दिवस वाईट गेले. मिश्री नाही म्हणून पोट साफ होईना, पोट साफ होईना म्हणून डोकं दुखे, डोकं दुखे म्हणून माझ्या घरातलं सगळं चुकीचं. भाजीत तेल जास्त, पंखा लई जोरात, शेजारणीचं पोरगं उद्धट. पहाटे साडेचारला उठून ती गॅलरीत बसायची आणि बोटं एकमेकांवर चोळायची. मी इसबगोल दिलं, बडीशेप दिली, लवंग दिली, मीठपाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. तिची पिशवी मी पहिल्याच दिवशी रिकामी करून पाहिली होती. मिश्रीची डबी सापडली ती कचऱ्यात टाकली. ती बघत होती.

"पैशाची नव्हती का तंबाखू?" एवढंच म्हणाली.

थोड्या दिवसांनी तिची चिडचिड कमी झाली. पोटही सुधारलं. मला वाटलं, सुटली. नवऱ्याला मी अभिमानानं सांगितलं की बघ, या वयातही माणूस मनावर घेतलं तर करू शकतं. तो "हं" म्हणाला आणि पेपर वाचत राहिला. त्या "हं"कडे मी लक्ष द्यायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी वर नेलं. डॉक्टरणीनं दिवा वळवला, ओठ खाली ओढला. चट्टा होता तेवढाच.

"आजी, मिश्री बंद आहे ना?"

"शप्पथ बंद हाय," माय म्हणाली. तिचा चेहरा मला ठाऊक आहे. खोटं बोलताना ती डोळे मिचकावते. तेव्हा तिनं मिचकावले नाहीत.

तुकडा काढायचा दिवस ठरला. त्या रात्री मी चुलतीचा चेहरा आठवत पडून राहिले, आणि मिश्री बंद असून चट्टा का हलत नाही याचं एकच उत्तर मला सुचत होतं.

मधल्या एका पहाटे दूधवाला लवकर आला म्हणून मी उठले. गॅलरीचं दार अर्धं उघडं होतं. माय मोरीच्या कडेला बसली होती, तोंडात बोट. मांडीवर ट्यूब.

"काय करतेस?"

"हेस्ट," ती म्हणाली, बोट न काढता.

मी ट्यूब उचलली. तंबाखूची लाल पेस्ट. ही मला अनोळखी नव्हती. वस्तीतल्या बायका ती मागायच्या म्हणून पूर्वी दुकानात यायची, मी ती बंद केली होती, आणि उरलेलं खोकं परत पाठवायचं म्हणून घरच्या माळ्यावर पडलं होतं.

"ही कुठून आणलीस?"

मायनं चूळ भरली, तोंड पुसलं आणि पदर सावरला. "पाव्हण्यांनी दिली."

पाव्हणे म्हणजे माझा नवरा. तो अजून झोपलेला होता. मी त्याला झोपू दिलं नाही.

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडं सासू जावयाशी मोकळं बोलत नाही. माय आजही त्याच्यासमोर पदर पुढं ओढते, तो खोलीत आला की उठून उभी राहते, आणि तिला पाणी हवं असलं तरी ती ते माझ्यामार्फत मागते. जावयाकडं काही मागणं म्हणजे मायला मेल्याहून मेल्यासारखं. आणि सासूनं मागितलं, तर जावयानं नाही म्हणणं त्याहून वाईट.

"लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडं काही मागितलंय?" नवरा पांघरुणात बसून म्हणाला. "एकदा तरी? तू दुकानात होतीस. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, खाली बघत. म्हणाल्या, पाव्हणे, दात घासायची ती लाल पेस्ट आसंल का. मी काय, नाही म्हणू?"

"व्हय. नाही म्हणायचं."

"तू म्हण. तुझी आई आहे."

"तिच्या ओठाला चट्टा आहे. तुला माहीत नाही का?"

"मला वाटलं, पेस्ट आहे. घासून थुंकायची." तो औषधाचं दुकान चालवतो. हे वाक्य तो बोलला तेव्हा मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

बाहेर मायचं म्हणणं त्याच्याशी जुळणारंच होतं. "म्या मिश्री सोडली ती सोडलीच. ही पेस्ट हाय. दुकानातली हाय. वर झाकण हाय."

"दुकानात उंदराचं औषधसुद्धा असतं, माय. त्यालाही झाकण असतं."

"मंग ठिवता कामून दुकानात?"

ठेवत नव्हतो, परत पाठवायचं राहिलं होतं, हे सांगून उपयोग नव्हता. ते खोकं मी त्याच दिवशी परत धाडलं.

डॉक्टरणीला मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, आता कारण कळलं हे चांगलं झालं, पण तुकडा काढूनच घेऊ, वाट बघायला नको. माय तो जिना चढताना पहिल्यांदाच मध्ये थांबली. मला वाटलं गुडघा दुखतोय.

"तुझ्या काकीला बी आसंच वर न्यालं व्हतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दवाखान्यात. तिथं बी जिना व्हता."

मी तिचा दंड धरला आणि वर नेलं.

तपासणीचं उत्तर यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात तिनं ना पेस्ट मागितली ना तेलाबद्दल तक्रार केली. मी काउंटरवर उभी राहून लोकांना दोनदा चुकीच्या गोळ्या काढून दिल्या आणि दोन्ही वेळा परत घेतल्या.

कॅन्सर नव्हता. डॉक्टरणीनं मायला समोर बसवून सांगितलं, "आजी, आत्ता तो आजार नाही. पण तंबाखू कुठल्याही रूपात पुन्हा लागली तर होऊ शकतो. भाजलेली, ट्यूबमधली, कुठलीच नाही."

"बरं," माय म्हणाली. ते बरं मी ओळखते. ते वीज बिल भरायला सांगितल्यावर माझा भाऊ म्हणतो तसलं बरं होतं.

मग मी ठरवलं. ज्या रीतीनं घात केला तीच आता कामाला लावायची. नवऱ्याला म्हटलं, तू तिला सांग.

"मी काय सांगू? तुम्ही दोघी बोला."

"आम्ही महिनाभर बोलतोय. तुला तिनं काही मागितलं तर तू नाही म्हणू शकत नाहीस ना? मग तू मागितलंस तर तीही नाही म्हणू शकणार नाही. जा."

तो दोन दिवस टाळत राहिला. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला, माझ्याकडं बघत मायशी बोलला. "ते... मिश्री आणि ती पेस्ट. ते आता नको. एवढं माझं ऐका."

मायनं पदर पुढं घेतला. "पाव्हणे म्हणतात तर नाय लावनार."

झालं. एवढंच. माझं औषधांचं शिक्षण, डॉक्टरणीची कवटी, चुलतीचं मरण, या सगळ्याचा उपयोग झाला नाही आणि उंबऱ्यात अडखळत उभ्या राहिलेल्या त्या माणसाच्या एका वाक्यानं काम झालं. मी भांडी इतकी जोरात घासली की नवरा आतल्या खोलीत निघून गेला.

मात्र तिनं शब्द पाळला. पुढच्या तपासणीला चट्टा फिका झाला होता, त्याच्या पुढच्या वेळी कडा शोधाव्या लागल्या. हिरड्या भरल्या. माप घेऊन कवळी झाली. डॉक्टरणीनं आरसा हातात दिला आणि म्हणाली, "हसा आजी." माय हसली, आरशात बघितलं आणि ओठ घट्ट मिटले. "घोड्यावानी दिसते." पण जिना उतरताना तिनं दुकानाच्या काचेत चोरून दुसऱ्यांदा बघितलं, हे मी पाहिलं.

दुसरी लढाई कवळीची, ती निराळीच. ती कवळी बाहेर जाताना लावायची आणि जेवताना काढून ठेवायची. मी म्हणाले, ही खाण्यासाठी आहे. ती म्हणाली, खाऊन झिजली तर? रात्री पाण्याच्या वाटीत ठेवायची, मऊ ब्रशनं धुवायची, हे मी रोज सांगितलं. बऱ्याच दिवसांनी एकदा भाकरीचा पापुद्रा तिनं कवळीनं मोडला, नीट चावला, आणि मला म्हणाली, "पीठ जाड दळलंय."

मग ती गावी गेली, आणि तिथं जावई नाही. मागचं दार आहे, दगड आहेत, आणि डबी फिरवणाऱ्या बायका आहेत. म्हणून मी रोज सकाळी त्याच वेळेला तिला फोन करते. ती काय सांगते हे मी फारसं ऐकत नाही, शब्द कसे येतात ते ऐकते. पाऊस पाऊस असा आला की मी चहा ठेवते.

कधीकधी ती फोन उचलत नाही. मग मी भावाला लावते, तो म्हणतो म्हशीकडं गेली असेल. ते खरं असेलही. तपासणीला ती दर काही महिन्यांनी येते आणि ओठ स्वच्छ निघतो, एवढ्यावर मी समाधान मानते.

मागच्या आठवड्यात फोन उचलल्या उचलल्या ती म्हणाली, "तू रोज याच टायमाला कामून करती, मला ठावं हाय."

"कामून करते?"

"बाया बसल्या हायेत इथं. डबी माझ्यापातूर आली की तुझा फोन वाजतो. सगळ्या हसतात मला."

"हसू दे. रोजचा फोन बंद करू का?"

तिकडं बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, अर्धं हवेवरचं. मायचा आवाज मात्र स्वच्छ होता.

"नको," ती म्हणाली. "कर. पर जरा लवकर करत जा. आज डबी हातात आली व्हती."